घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना एकच ड्रॉप चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मनीषनगरला राहणाऱ्या एका ताईंच्या घरी चार माणसं. त्या स्वतः 41 वर्षांच्या, दिवसभर कॉम्प्युटरवर काम. संध्याकाळी डोळे चुरचुरतात आणि पाणी येतं. 9 वर्षांचा मुलगा होळीनंतर डोळे चोळायला लागतो तो थेट पाऊस पडेपर्यंत. मिस्टरांचं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, डोळ्यात कचरा जाणं नेहमीचंच. सासूबाई 66 वर्षांच्या, साखर आहे, मोतीबिंदू अजून ‘पिकायचा’ आहे. मागच्या उन्हाळ्यात मुलाला लिहून दिलेल्या ड्रॉपने लाली एका दिवसात उतरली. तेव्हापासून दुकानातून तीच बाटली आणली जाते आणि सगळेच टाकतात. हे चालेल का, आणि रोजची काळजी म्हणून आणखी काय करावं?

ताई, हे चालणार नाही. तुम्ही लिहिलेल्या ड्रॉपच्या नावाच्या शेवटी ‘डी’ आहे. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचलीत तर दोन औषधं दिसतील: एक मॉक्सिफ्लॉक्सासिन, जंतूंवरचं, आणि दुसरं डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. लाली उतरते ती या दुसऱ्यामुळे. ॲलर्जी असो, विषाणू असो की बुबुळावरची जखम, स्टेरॉइड सूज दाबतं आणि डोळा पांढरा दिसायला लागतो. म्हणूनच हे ड्रॉप घरोघरी आवडते झालेत. आतला आजार मात्र तसाच राहतो, कधी जोरात वाढतो.

तोटे कोणते ते नीट समजून घ्या. डोळ्याचं प्रेशर साधारण 10 ते 21 मिलीमीटर (पाऱ्याचे) असतं. स्टेरॉइडचे ड्रॉप काही आठवडे सलग घातले की साधारण तीनातल्या एका माणसाचं प्रेशर थोडंफार चढतं, आणि शंभरातल्या पाच-सहा जणांचं खूपच चढतं. मुलांमध्ये हे आणखी लवकर होतं. चढलेलं प्रेशर बहुतेक वेळा दुखत नाही. डोळ्याची नस हळूहळू सुकत जाते (हाच काचबिंदू), आधी कडेची नजर जाते आणि समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळे मूल तक्रारच करत नाही. गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. दुसरा तोटा, लहान वयात भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतो. तिसरा, बुबुळावर बुरशीची किंवा नागिणीच्या जातीच्या विषाणूची जखम असेल तर स्टेरॉइड तिला मोकळं रान देतं.

मुलगा हे ड्रॉप सध्या रोज घालत असेल, तर एका झटक्यात बंद करू नका, कारण दबलेली सूज उसळी मारते. दोन-तीन दिवसांत नेत्रतज्ज्ञांना दाखवा, आजवर किती महिने आणि दिवसातून किती वेळा घातले ते खरं सांगा, आणि प्रेशर मोजून घ्या. बाकी तिघांनी आजच थांबवा.

एकाच बाटलीतून चौघांनी ड्रॉप घालण्यात आणखी एक अडचण आहे. बाटलीचं तोंड पापणीला लागतंच, आणि एकाच्या डोळ्यातले जंतू बाटलीत जातात. कोणताही ड्रॉप उघडल्यावर साधारण चार आठवडेच वापरायचा. उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहून ठेवा. खोक्यावर 25 किंवा 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. नागपूरच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेला ड्रॉप कामातून जाऊ शकतो. घरातली थंड जागा किंवा फ्रिजचं दार बरं, फ्रीजर नको.

आता मुलाबद्दल. होळी ते पावसाळा, दोन्ही डोळे, प्रचंड खाज, मुलगा, वय 5 ते 15 च्या मधलं: हे वर्णन उन्हाळी ॲलर्जीचं आहे. कोरड्या, गरम, धुळीच्या हवेत ती जास्त दिसते आणि विदर्भाचा उन्हाळा तिला पुरेपूर मानवतो. घरी ओळखायच्या दोन खुणा आहेत. सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यातली चिपडं बोटाने ओढली तर ती दोऱ्यासारखी लांब निघतात. आणि मूल उजेडात डोळे बारीक करतं. तपासणीत वरची पापणी उलटी केली की आत खडीसारखे चपटे उंचवटे दिसतात, किंवा बुबुळाच्या कडेला जेलीसारखा फुगवटा आणि त्यावर पांढरे ठिपके. हे उंचवटे बुबुळावर घासून जखम होऊ शकते, म्हणून ‘वय वाढलं की आपोआप जाईल’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक मुलांचं वयात येताना कमी होतं हे खरं, पण तोवर बुबुळ शाबूत राहायला हवं.

सगळ्यात मोठं नुकसान चोळण्याने होतं. बोटांच्या पेरांनी डोळा दाबून चोळायची सवय वर्षानुवर्षं राहिली की बुबुळाची काच पातळ होऊन पुढे शंकूसारखी येऊ लागते. चष्म्यात सिलिंडरचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर बुबुळाचा नकाशा काढणारी टोपोग्राफीची तपासणी मागून घ्या. वेळेत कळलं तर क्रॉस-लिंकिंग (बुबुळ कडक करणारा उपचार) करून वाढ थांबवता येते. उशीर झाला तर चष्म्यानेही स्वच्छ दिसत नाही.

खाज सुटली की मुलाच्या हातात द्यायची ती थंड पट्टी. स्वच्छ रुमाल फ्रिजच्या पाण्यात भिजवून, पिळून, बंद डोळ्यांवर 5 मिनिटं. खेळून आला की चेहरा आणि बंद पापण्या साध्या पाण्याने धुवायच्या. डोळे उघडे ठेवून पाण्याचे हबके मारायचे नाहीत, त्याने अश्रूंचा थर धुऊन जातो. बाहेर जाताना कडेने झाकणारा गॉगल आणि टोपी. औषधांत ऑलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे ड्रॉप येतात (0.1 टक्क्याचा दिवसातून दोनदा, 0.2 टक्क्याचा एकदा). ते मोसमभर, खाज नसतानाही घालावे लागतात. दोन दिवस घालून ‘फरक नाही’ म्हणत सोडलं की पालक पुन्हा त्या लाली उतरवणाऱ्या बाटलीकडे वळतात. त्रास फार असेल तेव्हा डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतातही, ठरलेल्या उतरत्या क्रमाने आणि प्रेशर तपासत. वारंवार गरज पडली तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसवर नेतात, ज्यांनी प्रेशर चढत नाही.

त्याच भेटीत बाहुल्या मोठ्या करणारे ड्रॉप घालून त्याचा नंबर काढून घ्या. त्याशिवाय मुलांचा नंबर फसवा येतो. घरी एक चाचणी आजच करता येईल: एक डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा, मग दुसरा झाका. एका डोळ्याने वाचता येत नसेल तर तो डोळा आळशी होत असू शकतो, म्हणजे मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. त्याचा उपचार 7-8 वर्षांपर्यंत सगळ्यात चांगला लागतो, पुढे कमी होत जातो, म्हणून 9 व्या वर्षी आणखी दिवस घालवू नका. चष्मा लागला तर दिवसभर लावायचा. चष्म्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढते म्हणून मायनस नंबर वाढतो. रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारी ते शक्य नाही, पण सकाळी नऊच्या आत एक तास आणि साडेपाचनंतर एक तास नक्की जमतो.

आता तुमच्या डोळ्यांकडे येऊ. चुरचुरतं आणि पाणी येतं, हे ऐकून कोणालाही वाटतं की डोळा ओला आहे. बहुतेक वेळा तो कोरडा असतो. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून तेल येतं आणि ते अश्रूंवर पातळ थर धरतं. तो थर तुटला की बुबुळ उघडं पडतं, टोचतं, आणि डोळा घाईने पाणी सोडतो. त्या पाण्यात तेल नसतं, म्हणून ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडाच. गप्पा मारताना आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे बघताना 5 ते 7 वेळाच, आणि त्याही अर्धवट. त्यात आपला कुलर. कुलरची हवा ओलसर असली तरी ती सरळ तोंडावर आली की अश्रू उडून जातात. रात्री कुलरच्या झोताखाली झोपणाऱ्यांचे डोळे सकाळी उघडतानाच टोचतात, कारण अनेकांची पापणी झोपेत किंचित उघडी राहते. पट्ट्या वर किंवा भिंतीकडे वळवा, किंवा पलंगच बाजूला सरकवा. ऑफिसात एसीची जाळी तोंडावर येत असेल तर खुर्ची बदलून मागा. एवढ्या साध्या गोष्टीने जो आराम पडतो तो बऱ्याचदा ड्रॉपने पडत नाही.

स्क्रीन हातभर, म्हणजे 50 ते 70 सेंटिमीटर लांब, आणि तिची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा थोडी खाली. वर बघावं लागलं की डोळा जास्त उघडा राहतो. दर 20 मिनिटांनी खिडकीतून दूर, निदान 6 मीटरवर, 20 सेकंद बघा आणि तेवढ्यात दहा वेळा पापण्या पूर्ण मिटवा. निळ्या किरणांच्या कोटिंगच्या काचेला जादा पैसे मोजू नका, त्याने थकवा कमी होतो असा पुरावा नाही. तुमच्या वयात जवळचा नंबर लागलेला असतो, आणि तो न लावता दिवसभर स्क्रीन बघितली तरी असंच दुखतं, तेव्हा आधी नंबर तपासा.

ड्रॉप लागलेच तर कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज 0.5 टक्के, म्हणजे वंगणाचा ड्रॉप, दिवसातून तीन-चार वेळा. यात स्टेरॉइड नसतं. चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला प्रकार मागा, कारण नेहमीच्या बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं की स्वतःच बुबुळाला टोचतं. सोबत गरम शेक: कोमट पाण्यात भिजवलेला रुमाल बंद पापण्यांवर 5 ते 10 मिनिटं, थंड झाला की पुन्हा बुडवायचा, मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर अशी हलकी चोळायची, म्हणजे साचलेलं तेल सुटतं. रांजणवाडी आली तरी हाच शेक, दिवसातून तीन-चार वेळा, फोडायची नाही. वारंवार येत असेल तर साखर आणि नंबर तपासायचा. गुलाबपाणी, मध, तूप, लिंबाचा थेंब यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. गुलाबपाणी थंड वाटतं, पण ते निर्जंतुक नसतं.

ड्रॉप घालायची पद्धत बहुतेकांची चुकते, म्हणून ती नीट सांगतो. हात साबणाने धुवा. मान मागे टाका किंवा आडवे व्हा. एका बोटाने खालची पापणी ओढून तिचा खिसा करा. बाटली दोन सेंटिमीटर वर धरून त्या खिशात एकच थेंब टाका, बुबुळावर नाही. डोळा हळू मिटा, घट्ट आवळू नका. मग नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवा. डोळ्यात मावतं साधारण 30 मायक्रोलिटर, आणि एक थेंब तेवढा किंवा त्याहून मोठाच असतो, म्हणून दुसरा थेंब गालावर वाया जातो. कोपरा दाबला नाही तर औषध नाकातून घशात उतरतं. घशात कडू लागलं की समजा तसं झालं. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, मलम सगळ्यात शेवटी.

मिस्टरांच्या कामात धोका मोठा आहे आणि इथे तासांना किंमत आहे. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो बुबुळात रुततो आणि एका दिवसात भोवती गंजाचं कडं धरतो. साथीदाराने रुमालाच्या टोकाने किंवा काडीने ‘कचरा काढणं’ ही वर्कशॉपमधली सर्रास पद्धत आहे आणि त्यातूनच जखमेत जंतू जातात. धूळ असेल तर स्वच्छ पाण्यात डोळा बुडवून उघडझाप करावी. तासाभरात खुपणं थांबलं नाही तर डॉक्टरांकडून यंत्राखाली बघून काढून घ्यावं. काही जण बधिर करणारा ड्रॉप खिशात ठेवतात. दुखणं लगेच थांबतं, पण तो घरी वारंवार घातला तर जखम भरतच नाही आणि बुबुळ विरघळायला लागतं. घरात असेल तर टाकून द्या. छिन्नीवर हातोडा मारताना काही उडून डोळ्याला लागलं आणि फारसं दुखत नसेल, तरी ते हलकं समजू नका. वेगाने आलेला कण सुईच्या टोकाएवढ्या भोकातून डोळ्याच्या आत जातो. अशा वेळी काही घालायचं नाही, दाबायचं नाही, वर कागदी कप उपडा ठेवून चिकटवायचा आणि तडक दवाखाना. तिथे एक्स-रे किंवा सीटी करतात. आत लोखंड असल्याची शंका असेल तर एमआरआय चालत नाही, हे तुम्ही स्वतःहून सांगा.

वेल्डिंगचा उजेड काचेशिवाय बघितला की 6 ते 12 तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात मूठभर वाळू गेल्यासारखं होतं. थंड पट्टी, साधे वंगणाचे ड्रॉप, डोळे मिटून विश्रांती. एक-दोन दिवसांत भरून येतं. आर्क वेल्डिंगला 10 ते 12 नंबरची काळी काच लागते. ग्राइंडिंगला कडेने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक गॉगल लागतो, नंबरचा चष्मा पुरत नाही.

वर्कशॉपमध्ये खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारे असतीलच, आणि खर्र्यासोबत चुना असतो. चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना फुटून डोळ्यात उडते, आणि घरात पडलेली पुडी लहान मुलं चेहऱ्याजवळ धरून दाबतात. या एका अपघातात पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही जे करता त्यावर डोळा वाचतो की जातो ते ठरतं. आम्लाने वरचा थर गोठतो आणि ते पुढे सहसा जात नाही. चुना अल्कली आहे, तो पेशींमधली चरबी विरघळवत खोल उतरत जातो, आणि पापणीखाली अडकलेले त्याचे गोळे अल्कली सोडतच राहतात. म्हणून गाडी काढण्याआधी नळ उघडा. डोळा बोटांनी उघडा धरून नळाच्या बारीक धारेखाली किंवा तांब्याने सलग निदान 20 ते 30 मिनिटं धुवा, वर-खाली-डावीकडे-उजवीकडे बघायला सांगत. पाणी पिण्याचं नसलं तरी चालेल. खालची पापणी ओढून आणि वरची उचलून, भिजवलेल्या कापसाच्या काडीने पांढरे कण काढा. लिंबू पिळून चुना ‘मारायचा’ प्रयत्न करू नका, दूध-तूपही नको. मग दवाखान्यात जा आणि जाताना गाडीतही बाटलीने पाणी सोडत राहा. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत अपघात विभाग रात्रीही सुरू असतो.

संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजाचं ध्यान ठेवा. 2017 पासून देशभर बंदी असूनही तो मिळतो. हेल्मेटची काच खाली करूनच गाडी चालवा. नाकाजवळच्या कोपऱ्यात पापणी चिरली तर अश्रूंची नळी तुटलेली असू शकते. ती एक-दोन दिवसांत जोडली तर जुळते, नाहीतर डोळा कायम वाहतो.

विदर्भातल्या लोकांसाठी एक मुद्दा वेगळा सांगायला हवा. आपल्याकडे अनेक कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. चेंडू, फटाका किंवा विटीदांडूने डोळ्याला मार लागून बाहुलीसमोर रक्त साचलं, तर सिकलसेलच्या रुग्णाच्या वाकड्या झालेल्या पेशी डोळ्यातला निचरा अडवतात आणि प्रेशर झपाट्याने चढतं. फक्त वाहक असलेल्यालाही हा धोका असतो. अशांना प्रेशर उतरवायची काही नेहमीची औषधं टाळावी लागतात. म्हणून मार लागलेल्या मुलाला नेताना सिकलसेलचं कार्ड सोबत न्या, तपासणी झालेली नसेल तर तसं सांगा. सिकलसेल असलेल्यांनी 10 वर्षांच्या वयापासून डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणीही सुरू करावी.

गावाकडे शेती असेल तर हेही. धान कापताना, तूर झोडताना डोळ्याला पाला लागला की दोन-चार दिवसांनी बुबुळावर करडा-पांढरा डाग दिसतो. ही बुरशीची जखम असू शकते. गावात तोच ‘डी’वाला ड्रॉप मिळतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि पंधरा दिवसांनी माणूस नागपूरला येतो तेव्हा बुबुळ पांढरं झालेलं असतं. खरवडून तपासणी केली आणि नॅटामायसिन 5 टक्के हे बुरशीवरचं औषध सुरुवातीला दर तासाला घातलं तर अशा बऱ्याच जखमा भरतात. आठवडे लागतात, धीर धरावा लागतो. उशीर झाला की फूल पडतं ते कायमचं.

डोळे येण्याची साथ आली तर भिऊ नका. ती हाताने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने पसरते. एकमेकांकडे बघितल्याने पसरत नाही, त्यामुळे काळ्या चष्म्याने दुसऱ्याचा बचाव होत नाही. बहुधा विषाणू असतो, एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. टॉवेल वेगळा, हात धुणं, थंड पट्टी. उजेड सहन होत नसेल, खूप दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर मात्र ती साधी साथ नाही, दाखवायला हवं.

गॉगलबद्दल एकच वाक्य: काळेपणाला महत्त्व नाही, 400 नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणं अडवतो असं लिहिलेलं हवं. चष्मा मात्र उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उष्णतेने काचेवरचं कोटिंग जाळीसारखं तडकतं आणि मग सगळं धूसर दिसतं, लोक समजतात नंबर वाढला.

सासूबाईंचं मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्यांच्या बाबतीत ‘मोतीबिंदू आहे म्हणून धूसर दिसतं’ हे गृहीत धरलं गेलंय. साखर असलेल्या माणसाच्या पडद्यावर रक्तस्राव किंवा सूज असू शकते, आणि नजर चांगली असतानाही ती असते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झालं त्याच वर्षी आणि नंतर दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा बघायचा असतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तर हवंच, कारण पडद्यावर सूज असेल तर ती ऑपरेशननंतर वाढू शकते. ती आधी उतरवावी लागते. त्याच वेळी प्रेशर आणि नस बघून काचबिंदू नाही ना हे ठरतं. आई-वडील, भाऊ-बहिणीत काचबिंदू असेल तर तुमच्या मिस्टरांनीही चाळिशीनंतर नियमित तपासावं.

तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी केल्यावर 4 ते 6 तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन झोंबतं. गॉगल न्या, सोबत कोणीतरी असू द्या, सासूबाईंनी स्वतः गाडी चालवू नये. सकाळची वेळ घ्या म्हणजे भर दुपारच्या आत घरी येता येईल. जेवण आणि साखरेच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

मोतीबिंदू ‘पिकू द्या’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनचा आहे, तेव्हा भिंग अख्खं काढावं लागायचं. आता 3 मिलीमीटरपेक्षा लहान छेदातून भिंगाचे तुकडे करून ओढून घेतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. मोतीबिंदू फार कडक झाला की ते फोडायला जास्त ताकद लागते आणि बुबुळाला सूज येते, म्हणून थांबण्यात तोटाच आहे. ठरवायचं कसं? स्वयंपाक करताना, जिना उतरताना, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने त्यांना अडचण होत असेल, तर वेळ झाली. साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवेत. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा. साधं एकाच अंतराचं भिंग असेल तर दूरचं स्वच्छ दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. ही ऑपरेशन बिघडल्याची खूण नाही. सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत होतं.

नंतर आठवडाभर डोक्यावरून आंघोळ नाही, चेहरा ओल्या रुमालाने पुसायचा. रात्री प्लास्टिकची ढाल लावून झोपायचं, म्हणजे झोपेत हात लागत नाही. कुलरसमोर बसायचं नाही, चुलीचा धूर आणि फोडणीची वाफ महिनाभर टाळायची. ड्रॉप चार ते सहा आठवडे, लिहून दिलेल्या उतरत्या क्रमाने. यात स्टेरॉइड असतंच, पण ते मोजून-मापून आणि ठरलेल्या मुदतीसाठी दिलेलं असतं. मुदत संपली की उरलेली बाटली घरात ठेवायची नाही. पहिल्या दिवसापासून दुखणं आणि लाली रोज कमी व्हायला हवी, नजर रोज थोडी सुधारायला हवी. उलट झालं, म्हणजे दुखणं वाढलं, पापणी सुजली, काल दिसत होतं ते आज धूसर झालं, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, रविवार असला तरी त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जायचं.